झाडावरचा माणूस आणि जमिनीवरचे कायदे

पावसाळा तोंडावर आला की महाराष्ट्रातील नगरपालिकांना व महानगरपालिकांना झाडांची आठवण होते. एप्रिल-मे या दोन महिन्यांत रस्तोरस्ती फांद्यांची छाटणी सुरू होते, गृहनिर्माण संस्थांना नोटिसा जातात, आणि पहिल्या वादळी पावसात एखादे झाड कोणाच्या अंगावर कोसळले की चार दिवस वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त होते. जुलै 2017 मध्ये चेंबूर येथे रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेच्या अंगावर नारळाचे झाड पडून ती मृत्युमुखी पडली, तेव्हा परवानगी कोणी मागितली होती आणि कोणी नाकारली होती याचा बराच खल झाला. तो व्हायलाच हवा होता. परंतु झाडांविषयीच्या आपल्याकडील वादात पात्रे दोनच असतात: झाड तोडू नका किंवा लवकर तोडा असे म्हणणारा नागरिक, आणि परवानगी देणारा अथवा न देणारा अधिकारी. कमरेला दोर बांधून चाळीस फुटांवर उभा राहिलेला तिसरा माणूस या वादात कोठेही दिसत नाही. आज त्याच्याविषयी लिहावयाचे आहे.

हा माणूस बहुधा कोणाचाच नोकर नसतो. कोयता, कुऱ्हाड, हातकरवत आणि काथ्याचा दोर एवढ्या भांडवलावर त्याने काम सुरू केलेले असते. पुढे उसनवारीने वा हप्त्याने पेट्रोलवर चालणारी करवत येते. काम पडेल तसे दोन-तीन गडी रोजावर घ्यायचे, टेम्पो भाड्याने ठरवायचा, आणि सोसायट्या, शाळा, बंगलेवाले यांच्याकडून कामे मिळवायची. सोसायटीची कमिटी तीन ठिकाणचे भाव मागवते आणि सर्वांत कमी भाव सांगणाऱ्याला काम देते. त्या भावात फांद्या उचलून नेणेही धरलेले असते. मात्र त्या टाकायच्या कोठे, याचे उत्तर कमिटीजवळ नसते. काम पुरे झाल्यावर खाली पडलेल्या पानांवरून शंभर-दोनशे रुपये कापले जातात. हंगाम पाहावा तर जेमतेम तीन महिन्यांचा. उरलेल्या काळात नारळ उतरवणे, बागकाम, रंगकाम, जे मिळेल ते. आणि अशा या माणसाला सरकारी परिभाषेत 'स्वयंरोजगारी' असे भारदस्त नाव आहे.

त्याच्या कामाकडे अडाण्याचे काम म्हणून पाहण्याची सवय आपल्याला लागलेली आहे. ही सवय झाडालाही महागात पडते आणि माणसालाही. जड फांदी वरून एकाच घावात कापली तर ती तुटताना खोडाची साल फाडीत खाली येते. म्हणून जाणता कारागीर आधी खोडापासून थोड्या अंतरावर खालच्या बाजूने छेद घेतो, मग त्याच्या जरा पुढे वरून कापून फांदीचे ओझे उतरवतो, आणि शेवटी उरलेला खुंट खोडाजवळ कापतो. हा शेवटचा काप कोठे घ्यायचा यातच सारी विद्या आहे. फांदी जेथे खोडातून निघते तेथे सालीचा एक फुगीर कंगोरा असतो. तो शाबूत ठेवून काप घेतला तर झाड आपली जखम आपणच बंद करते. तो कापून खोडाशी अगदी सपाट केले तर जखम मोठी होते आणि कूज आत शिरते. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून ही गोष्ट दाखवून दिली. झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही, झाड तिला चहूबाजूंनी भिंती घालून कोंडून टाकते, आणि कापलेल्या जागेवर डांबर वा रंग फासल्याने कूज थांबत नाही, हे त्यांच्या संशोधनाचे सार होते. आपल्याकडे आजही डांबर फासण्यालाच काळजी घेणे समजतात.

या विद्येचा बाजारात उपयोग काय? भाव ठरतो तो फांद्यांवर, गाडीच्या खेपांवर किंवा नुसत्या अंदाजावर. नीट तीन छेद घेऊन, फांदी दोराने सावकाश उतरवून काम करणाऱ्याला एक दिवस लागतो. सरसकट शेंडा उडवणारा तेच काम दोन तासांत उरकतो आणि कमी पैसे मागतो. शेंडा उडवलेल्या झाडाला पुढच्या पावसात झुपक्याने धुमारे फुटतात. ते वरवर चिकटलेले असतात, भराभर वाढतात आणि तीन-चार वर्षांनी तेच वाऱ्याने मोडतात. म्हणजे स्वस्तातले काम पुन्हा पुन्हा करावे लागते. मुळाशी काँक्रीट ओतलेले, एका बाजूची मुळे चर खणताना तोडलेली, आणि तारांसाठी एका बाजूच्या फांद्या दरवर्षी उतरवलेल्या, असा गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्ष कोसळतो, तेव्हा आपण वाऱ्याला दोष देतो. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाच्या वेळी मुंबईत शेकडो झाडे उन्मळून पडली. त्याच्या आदल्या वर्षी, 3 जून 2020 रोजी, निसर्ग वादळाने रायगड जिल्ह्यातील नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट केल्या. दोन्ही वेळी रस्ते मोकळे करायला कोण पुढे झाले, हे ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

आता प्रश्न असा की हा माणूस कामगार आहे की मालक? आमच्या चळवळीत या प्रश्नाची फार दिवस टाळाटाळ झाली. ज्याच्याजवळ स्वतःचे अवजार आहे आणि जो दोन गडी रोजाने लावतो तो छोटा मालक, असे एक पुस्तकी उत्तर आपल्या बैठकांतून ऐकू येते. ते उत्तर सोयीचे आहे, कारण त्यामुळे कारखान्याच्या दाराबाहेर पाहण्याची गरज उरत नाही. परंतु सरकारच्याच श्रमबल पाहणीप्रमाणे देशातील काम करणाऱ्यांपैकी 2017-18 साली 52.2 टक्के लोक स्वयंरोजगारी होते आणि 2023-24 साली हे प्रमाण 58.4 टक्क्यांवर गेले. यातील फार मोठा भाग शेतीतला आणि घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्यांचा आहे, हे मान्य. तरीही निम्म्याहून अधिक श्रमिकांना 'मालक' म्हणून बाजूला सारणारी चळवळ कोणाची राहील? त्या माणसाची करवत ही मालमत्ता नव्हे. ती त्याच्या हाताचीच वाढवलेली लांबी आहे. तिच्यावर नफा मिळत नाही, मजुरी मिळते, आणि त्या मजुरीतून पेट्रोल, साखळीची धार आणि हप्ता वजा होतो. मालकपणाचा एकच अंश त्याच्या वाट्याला पूर्णपणे आलेला आहे, तो म्हणजे जोखीम.

ही जोखीम कायद्याने कशी वाटली गेली आहे ते पाहण्यासारखे आहे. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात झाडे तोडणाऱ्या आणि ताडी काढणाऱ्या मजुरांचा उल्लेख होता. म्हणजे हे काम धोक्याचे आहे एवढी समज इंग्रजी राजवटीलाही होती. 2000 साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन नैमित्तिक कामगाराला वगळणारे शब्दही निघाले. परंतु भरपाई मागायची तर कोणीतरी मालक असावा लागतो. सोसायटी म्हणते, आम्ही काम दिले, नोकरी दिली नाही. फांदीवरून पडलेला माणूस स्वतःच धंद्याचा मालक, तेव्हा त्याने दावा कोणावर लावायचा? आणि त्याचा रोजावरचा गडी पडला तर कायदा बोट दाखवतो ते त्याच्यासारख्याच कफल्लक माणसाकडे. 2008 साली असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा कायदा आला, त्यात स्वयंरोजगाऱ्याला प्रथमच कामगार म्हणून जागा मिळाली. पण कामावरील अपघाताच्या लाभाची योजना करण्याचे काम राज्यांवर सोपवले गेले आणि तेथेच ते पडून राहिले. ऑगस्ट 2021 मध्ये ई-श्रमची नोंदणी सुरू झाली. नाव नोंदले, कार्ड मिळाले. कार्ड खिशात ठेवून झाडावर चढता येते, एवढेच. हे सर्व जुने कायदे आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले असून ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. तिच्यातही असंघटितांसाठी योजना आखल्या जातील असे वचन आहे. वचनांच्या बाबतीत आपले कायदे कधीच कंजूष नव्हते.

इंग्लंडमध्ये या कारागिराला झाडांचा शल्यविशारद म्हणतात. तेथेही तो पुष्कळदा स्वयंरोजगारीच असतो, आणि रोजावर राबवूनही कागदोपत्री स्वतंत्र धंदेवाईक दाखवण्याची लबाडी तेथेही चालते. पण 1974 च्या सुरक्षा कायद्याने स्वयंरोजगाऱ्यालाही आपल्या कक्षेत घेतले आहे, करवत चालवण्याच्या प्रशिक्षणाची व दाखल्यांची व्यवस्था आहे, आणि झाडावर एकट्याने चढू नये, खाली असा एक साथीदार हवा की जो वेळ पडल्यास वर चढून जखमीला उतरवू शकेल, असा त्या धंद्याचा दंडक आहे. आपल्याकडे खाली दोर धरून उभा असतो तो बहुधा कारागिराचा भाऊ वा मुलगा. बापाला वीज लागली तर वर कसे जायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. फांदीजवळून जाणाऱ्या तारेतील वीज थोडा वेळ बंद करून घेणे ही गोष्टसुद्धा कंत्राटदाराला जमते, एकट्या माणसाच्या अर्जाला कोण विचारतो?

महापालिकेचे काम त्याला थेट मिळत नाही, कारण निविदेत अनामत रक्कम, मागील वर्षांची उलाढाल आणि यंत्रसामग्री यांच्या अटी असतात. काम कंत्राटदाराला जाते, त्याच्याकडून पोटकंत्राटदाराला, आणि शेवटी फांदीवर चढतो तो हाच, निविदेतील दराच्या एका तुकड्यावर.

यावर उपाय नाही असे नाही. 1969 चा माथाडी कायदा याच महाराष्ट्रात झाला. ज्याला एक ठराविक मालक नाही अशा हमालालाही मंडळात नाव नोंदवता येते, काम घेणाऱ्याने मजुरीवर लेव्ही भरायची आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचे पैसे द्यायचे, ही कल्पना अण्णासाहेब पाटील आणि बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या चळवळींनी व्यवहारात आणून दाखवली. पुण्यात कचरा वेचणाऱ्या स्त्रियांची संघटना 1993 साली उभी राहिली, तिच्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 साली तिने पुणे महापालिकेशी करार केला. ज्या स्त्रियांना कोणी कामगार म्हणायला तयार नव्हते त्या महापालिकेच्या समोरासमोर करार करणारा पक्ष झाल्या. केरळात नारळ विकास मंडळाने 2011 पासून नारळावर चढणाऱ्या तरुण-तरुणींना यंत्राने चढण्याचे शिक्षण दिले आणि त्याबरोबर अपघात विमाही दिला. वृक्ष-कामगारांची सहकारी संस्था, तिला प्रभागवार छाटणीचे काम निविदेविना, आणि त्या कामाच्या दरातच विमा व प्रशिक्षण, ही मागणी या पार्श्वभूमीवर अवास्तव म्हणता येणार नाही.

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. सार्वजनिक कामांपैकी काही कामे मजूर सहकारी संस्थांना देण्याची पद्धत राज्यात आहे. या संस्थांपैकी कितींमध्ये मजूर आहेत आणि कितींमध्ये कंत्राटदाराचे मेव्हणे, हे प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्याला ठाऊक आहे. सभासद होण्यासाठी झाडावर चढता आले पाहिजे, अशी साधी अट घातली तरी अर्धे काम होईल.

पैसा कोठून येणार, असे आयुक्त विचारतील. त्यांनी आपल्याच घरपट्टीच्या बिलाकडे पाहावे. 1975 च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमान्वये वृक्ष प्राधिकरणे स्थापन झाली आणि घरपट्टीच्या बिलावर वृक्ष उपकराचे सदर आले. नागरिक तो वर्षानुवर्षे भरत आहे. 2018 च्या गणनेप्रमाणे एकट्या मुंबईत सुमारे 29 लाख 75 हजार झाडे आहेत. एवढ्या झाडांची निगा ठेवणाऱ्या हातांसाठी या उपकरातून एक निश्चित हिस्सा बाजूला काढण्याची तरतूद का होऊ नये? शिवाय बांधकामांसाठी झाडे तोडण्याच्या परवानग्या दिल्या जातात, तेव्हा बिल्डरकडून घेतल्या जाणाऱ्या रकमांतही या माणसाचा वाटा ठरवता येईल.

पर्यावरणवादी मित्रांना यात एक धोका दिसेल. झाडे कापणाऱ्यांची संघटना झाली तर ती अधिक झाडे कापण्याचा आग्रह धरील, अशी त्यांची शंका असते. शंका अगदीच निराधार नाही. पोटाचा प्रश्न आला की तत्त्वे मागे पडतात. पण आजची स्थिती पाहा. झाड वाचवण्यात ज्याचा काही लाभ नाही अशा माणसाच्या हाती आपण करवत दिली आहे आणि पैसे लाकडावर देत आहोत. बुंधा मोकळा करणे, मुळे तपासणे, वाळकी फांदी वेळीच काढणे, ढोलीची पाहणी करणे, अशा कामांना दर ठरले आणि ती वर्षभर मिळाली, तर जिवंत झाड हेच त्याचे उत्पन्नाचे साधन होईल. आरे वाचवण्यासाठी रात्री जागलेल्या तरुणांनी या माणसांशी एकदा बोलून पाहावे. कोणते झाड आतून पोकळ आहे हे त्यांना बुंध्यावर कोयत्याची मूठ वाजवून कळते.

महापालिकांची अंदाजपत्रके फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडली जातात आणि पाठोपाठ छाटणीच्या निविदा निघतात. त्याच्या आधी, म्हणजे दिवाळीनंतरच, आपापल्या शहरातील कार्यकर्त्यांनी प्रभाग कार्यालयातून गेल्या तीन वर्षांच्या छाटणीच्या निविदा माहितीच्या अधिकारात मागवाव्यात. निविदेत मंजूर झालेला दर आणि फांदीवरच्या माणसाला मिळालेला रोज हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत. नाक्यावर, रोपवाटिकांपाशी, नारळवाल्यांच्या वस्तीत जाऊन या कामगारांची यादी करावी, आणि त्यांच्यापैकी कोण कधी पडला, कोठे पडला, रुग्णालयाचे बिल कोणी भरले, याची नोंद त्याच वहीत ठेवावी. ही वही घेऊनच स्थायी समितीच्या दारात जावयाचे आहे.