'गादी आहेच' म्हणण्याआधी

दुपारी शाळा सुटली की हैदराबादच्या बेगम बाजारात दप्तरं गल्ल्यामागे पडतात. सुक्यामेव्याच्या दुकानातलं दहावीतलं पोर पोत्यात हात घालतं, एक बदाम दाताखाली फोडतं आणि माल यंदाचा की गेल्या सालचा ते सांगतं. गिऱ्हाइकाशी दखनीत, हमालाशी तेलुगूत, आईशी मराठीत बोलतं. तोंडी हिशेब तर त्याच्या हातचा मळ.

पण निकाल लागला की या हुशारीची कुठेच नोंद होत नाही. घरात प्रश्न एकच, एमपीसी की बायपीसी, म्हणजे इंजिनीअरिंगकडे नेणारा गट की डॉक्टरकीकडे? आणि मार्क कमी पडले तर 'गादी आहेच'. पिढ्यांनी उभं केलेलं दुकान पोराला असं शिक्षा म्हणून ऐकवलं जातं, यासारखं वाईट काही नाही. इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, गणितासह वाणिज्य शिकवणारा एमईसी आहे, सीईसी आहे, दहावीनंतर पॉलिटेक्निक आहे. धंद्याच्या घरातल्या मुलामुलींना सीए किंवा आयात-निर्यातीचं शिक्षण जवळचं वाटू शकतं. हे सांगायला कुणीतरी समोर बसलं पाहिजे.

2019च्या एप्रिलमध्ये तेलंगणात इंटरचे निकाल गोंधळासह लागले आणि त्यानंतरच्या दिवसांत वीसच्या आसपास मुलांनी जीव दिला. 2022 साली देशभरात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या 1,764 एकट्या महाराष्ट्रातल्या, इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. एका परीक्षेमुळे कुणी मरत नाही, कारणं गुंतलेली असतात. म्हणून तर वेळेवर बोलणारं माणूस हवं.

विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजसेवक हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. बाजारातल्या दुकानांच्या माडीवर चालणाऱ्या वीस-पंचवीस पोरांच्या शिकवण्यांना हे दुसरं कलम लागू पडतं, आणि नेमकं तेच विसरलं जाण्याची भीती आहे.

मुलांच्या शिक्षणासाठी एकत्र येणं इथल्या मराठी माणसाला नवं नाही. केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्या पिढीनं 1907 साली विवेकवर्धिनी काढली, ती निजामाच्या राज्यात आपल्या भाषेतलं शिक्षण मिळावं म्हणून. जांबागेतली ती संस्था बाजारापासून फार दूर नाही. 1891 साली सुरू झालेलं आसफिया ग्रंथालय, आजचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, अफजलगंजला म्हणजे हाकेच्या अंतरावर. स्पर्धा परीक्षांची पोरं तिथं दिवसभर वाचत असतात. या दोन ठिकाणी आठवड्यातून एक संध्याकाळ समुपदेशकाला द्यावी. मुलासोबत आईवडिलांनाही बोलवावं, पण थोडा वेळ मुलाशी एकट्यानं बोलावं. माडीवरच्या शिकवण्यांनी आपली पोरं तिथंच पाठवावीत, म्हणजे प्रत्येकाला वेगळा तज्ज्ञ शोधत बसायला नको.

ते होईपर्यंत 14416 आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा हा क्रमांक ऑक्टोबर 2022पासून चोवीस तास, मोफत चालतो. गल्ल्याच्या काचेखाली देवाच्या तसबिरीशेजारी तो लिहून ठेवायला आज संध्याकाळी दुकान बंद करतानाची दोन मिनिटं पुरतील.