नेग्रीन यांचा तो हट्ट नव्हता

स्पेनच्या प्रजासत्ताकाचे यादवी युद्धाच्या काळातील पंतप्रधान डॉ. हुआन नेग्रीन यांच्यावर आजही ठपका ठेवला जातो की, हरलेली लढाई त्यांनी हट्टापायी लांबवली आणि हजारो माणसे नाहक मेली. हा ठपका मला अन्यायाचा वाटतो. लाइपझिगला वैद्यक शिकलेले नेग्रीन माद्रिदमध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे नोबेल मिळवणारे सेवेरो ओचोआ त्यांच्याच हाताखाली घडले. नेग्रीन यांना पराभव दिसत नव्हता असे मानायला आधार नाही. १ फेब्रुवारी १९३९ च्या रात्री, बार्सिलोना पडल्यानंतर, फिगेरेसच्या किल्ल्यात जमिनीखालच्या पागेत संसद भरली. तिथे जेमतेम ६० सदस्यांसमोर नेग्रीन यांनी तीनच अटी मांडल्या : देशाचे स्वातंत्र्य, राजवट निवडण्याचा जनतेचा हक्क आणि युद्धानंतर सूडसत्र नको. यात विजयाची भाषा कुठे आहे? तिसरी अट तर निव्वळ जीवदान मागणारी होती. प्रजासत्ताकाविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांचा सेनानी फ्रँको याने ९ फेब्रुवारीला जो कायदा केला, त्याने ऑक्टोबर १९३४ पासूनच्या राजकीय वर्तनाबद्दल माणसे मागाहून दोषी ठरणार होती. अशा प्रतिपक्षापुढे शस्त्र टाकले की जीव वाचतात, हे गृहीतच चुकीचे होते.

नेग्रीन स्टॅलिनच्या हातातले बाहुले होते, हा दुसरा आक्षेप. अर्थमंत्री असताना त्यांनी ५१० टन सोने मॉस्कोला पाठवले, हे खरेच. पण हिटलर आणि मुसोलिनी फ्रँकोला विमाने व सैनिक पुरवत असताना ब्रिटन-फ्रान्स तटस्थतेच्या नावाखाली प्रजासत्ताकाला शस्त्रे विकायला तयार नव्हते. सरकारला शस्त्रे जिथे मिळत होती, तिथेच सोने गेले. मात्र जून १९३७ मध्ये डाव्या पक्षाचे नेते आंद्रेउ निन यांना सोव्हिएत हस्तकांनी पळवून ठार मारले आणि नेग्रीन सरकारने त्याचा छडा लावला नाही. या गोष्टीचे समर्थन मी करणार नाही. युद्धाची निकड सांगूनही तो डाग पुसला जात नाही.

लढाई थांबवण्याचा दुसरा मार्ग प्रत्यक्षात अजमावला गेला, आणि नेग्रीन यांच्या बाजूचा सर्वांत सबळ पुरावा तोच आहे. ५ मार्च १९३९ ला प्रजासत्ताकाच्याच सैन्यातील कर्नल कासादो यांनी माद्रिदमध्ये बंड करून नेग्रीन यांना हटवले. सैनिक सैनिकाशी सन्मानाने तह करील, असा त्यांचा हिशेब होता. फ्रँकोने बिनशर्त शरणागतीखेरीज काहीही मान्य केले नाही. कासादो स्वतः ब्रिटिश जहाजातून निसटले. २८ मार्चला आलिकान्ते बंदरातून ‘स्टॅनब्रुक’ नावाचे मालवाहू जहाज अडीच हजारांवर निर्वासित कोंबून अल्जीरियातील ओरानकडे निघाले. मागे धक्क्यावर हजारो लोक समुद्राकडे डोळे लावून बसले. जहाजे आली नाहीत, इटालियन फौजा आल्या. पकडलेल्यांना शहराबाहेरच्या बदामाच्या बागेत डांबले. तिथे उपाशी माणसांनी झाडांवरचे कोवळे बदाम खाल्ले, ते संपल्यावर पाने ओरबाडून खाल्ली.