झाडपाल्याची नोंद कृतीसकट हवी

चौथ्या शतकात चीनमधील गे होंग या वैद्याने तातडीच्या उपचारांचे एक पुस्तक लिहिले. थंडीतापावर मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवून, पिळून काढलेला रस प्यायला द्यावा, असा एक उपाय त्यात होता. या छोट्याशा नोंदीचा उपयोग पुढे सोळाशे वर्षांनी झाला.

मलेरियाचे परजीवी क्लोरोक्विनला दाद देईनासे झाले, तेव्हा 1967 मध्ये चीनने नव्या औषधाच्या शोधासाठी गुप्त प्रकल्प सुरू केला. टू यूयू यांच्या गटाने जुन्या ग्रंथांतून आणि वैद्यांकडून दोन हजारांहून अधिक उपाय गोळा केले. छिंगहावचा अर्क एकदा गुणकारी ठरे, तर पुढच्या वेळी निष्प्रभ. टू यूयूंनी गे होंगची नोंद पुन्हा वाचली, तेव्हा त्यात उकळण्याचा उल्लेखच नसल्याचे त्यांच्या लक्षात आले. उष्णतेने औषधी घटक नष्ट होत असावा, असा तर्क करून त्यांनी सुमारे 35 अंशांना उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. 1971 मध्ये तो उंदरांवर पूर्णपणे यशस्वी ठरला. त्यातूनच आर्टेमिसिनिन मिळाले आणि 2015 मध्ये टू यूयूंना नोबेल.

गे होंगने नुसते ‘थंडीतापावर छिंगहाव’ एवढेच लिहिले असते, तर हा धागा हाती लागला नसता.

महाराष्ट्रात नेमके हेच निसटते आहे. आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतील ज्ञान 2001 मध्ये सुरू झालेल्या ‘पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालया’त जमा झाले, परंतु मेळघाट, गडचिरोली किंवा सह्याद्रीतील वैदू, भगत आणि सुईणींचे ज्ञान बहुतांशी तोंडी आहे. त्यासाठी 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही आहे. मात्र त्यात वनस्पतीचे नाव, रोगाचे नाव एवढेच भरले, तर रकाना पूर्ण होतो आणि ज्ञान बाहेरच राहते. मुळी कोणत्या महिन्यात काढायची, पाने कोवळी की जून, काढा करायचा की थंड पाण्यात भिजवायचे, मात्रा किती, कुणाला मुळीच द्यायचे नाही, हे सारे लिहिले पाहिजे. सांगणाऱ्याच्याच बोलीत ध्वनिमुद्रण केले आणि वनस्पतीचा वाळवलेला नमुना सोबत ठेवला, तर नावांचा घोळही टळेल. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून जवळच्या महाविद्यालयांना हे काम करून घेता येईल.

नोंद म्हणजे पुरावा नव्हे, हेही तितकेच खरे. टू यूयूंच्या गटाने अर्क आधी प्राण्यांवर तपासला, मग स्वतः घेऊन पाहिला आणि त्यानंतरच रुग्णांना दिला. ‘जुने म्हणून खरे’ म्हणणारे ही तपासणी टाळतात. ‘जुने म्हणून टाकाऊ’ म्हणणारे तपासण्याजोगे काही शिल्लकच ठेवत नाहीत.

ज्ञान सांगणाऱ्याची संमती आणि पुढे लाभ झाल्यास त्यातला वाटा, हा मुद्दाही महत्त्वाचा आहे. कायद्यात लाभवाटपाची तरतूद आहे. पण माहिती कुणाची, हेच लिहिलेले नसेल तर वाटा मागणार कोण? जाणती माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्यांची मुले शहरांत कामाला गेली आहेत. ग्रामसभांनी ही नोंदवही पुन्हा उघडून त्यांच्या अंगणात जाऊन बसायला हवे, तेही येत्या एक-दोन वर्षांत.