ॲसिड कशाला खातं, कशाला नाही



ॲसिड म्हटलं की आपल्या बैठकीत बोलणं थेट हल्ल्यांवर जातं, आणि ते जायलाच हवं. पण ही बाटली मुळात कशासाठी असते हेही आपल्याला माहीत हवं. ती सर्वात जास्त वेळ बायकांच्याच हातात असते.

संडास धुण्याचं ॲसिड म्हणजे पाणी घातलेलं हायड्रोक्लोरिक. ते नळाच्या पाण्याचे पांढरे थर विरघळवतं, तसंच चुनखडीही खातं. शहाबादी आणि कडप्पा हे चुनखडीचेच दगड! फेस आला की मालकीणबाईंना वाटतं मळ निघाला. झिजत असते फरशी, आणि धुणारीचे हात. लोखंड, जस्त यांनाही ते सोडत नाही. तांबं आणि चांदी मात्र त्याला दाद देत नाहीत, त्यांना सोनाराकडचं नायट्रिक लागतं. त्याचा तांबूस धूर छातीत बसतो. सोनं या दोघांनाही एकेकटं जुमानत नाही. तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक मिळून अम्लराज झालं की तेही विरघळतं.

बॅटरीतलं सल्फ्युरिक शिशाला फार खात नाही, कारण शिशावर लगेच न विरघळणारा थर धरतो. कातडीवर असा थर धरत नाही. तीव्र सल्फ्युरिक तिच्यातलं पाणी ओढून घेतं, त्यातून उष्णता निघते आणि मांस आतपर्यंत जळत जातं. हल्लेखोराला हे रसायनशास्त्र ठाऊक नसलं तरी परिणाम ठाऊक असतो.

१८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: अठरा वर्षांखालील कुणाला विक्री नाही, ओळखपत्र पाहायचं, नाव, पत्ता आणि कारण वहीत लिहायचं, मोडल्यास ५० हजारांपर्यंत दंड. मी काम करते त्या वस्तीत ॲसिड कॅनमधून सुटं मिळतं. वही मला एकाही दुकानात दिसलेली नाही. गटाने मिळून दुकानात जावं, वही मागावी, नसेल तर लेखी तक्रार करावी.

घरकामगार संघटनांनी हातमोजे मागावेत. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. अंगावर सांडलंच तर हळद, टूथपेस्ट काही नको. भिजलेले कपडे काढून निदान वीस मिनिटं वाहतं पाणी, मग दवाखाना.