इतिहास-भूगोलाची घरपोच शिकवणी

२०२५ च्या मार्च महिन्यात पुण्यातील सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांच्या घरी जाण्याचा योग आला. जेवणाच्या टेबलाशी त्यांची सहावीत शिकणारी नात बसली होती आणि तिच्यासमोर शिकवणीचे सर. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली. सर सांगत होते आणि मुलगी मान खाली घालून लिहीत होती. प्रश्न होता, इतिहासाची मौखिक साधने कोणती? "ओव्या, लोकगीते, लोककथा हे शब्द उत्तरात आलेच पाहिजेत, त्यांनाच गुण असतात," असे सरांनी बजावले आणि पुढचा प्रश्न सांगायला घेतला.

मुलीचे आजोबा आतल्या खोलीत बसले होते. शिकवणी चालू असताना दूरदर्शन संच लावायचा नाही आणि मोठ्याने बोलायचे नाही, असा घरचा दंडक. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा हे आजोबा दहा वर्षांचे होते आणि नारायण पेठेतील वाड्यात राहत होते. मुठेचे पाणी पेठांत शिरताना त्यांनी पाहिले आहे. म्हणजे इतिहासाचे एक जिवंत मौखिक साधन भिंतीपलीकडे गप्प बसवून ठेवले होते आणि अलीकडे नातीला मौखिक साधनांची व्याख्या लिहून दिली जात होती! त्या व्याख्येसाठी घरातून महिन्याला तीन हजार रुपये मोजले जात होते.

तेवढ्यात नागरिकशास्त्राचे पान उघडले गेले. महानगरपालिकेचा कारभार कोण पाहते? लोकांनी पाच वर्षांसाठी निवडून दिलेले नगरसेवक. उत्तर अचूक होते, पुस्तकाबरहुकूम होते. मात्र ज्या शहरात बसून ती मुलगी हे उत्तर लिहीत होती, त्या शहराला त्या दिवशी एकही नगरसेवक नव्हता. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि तीन वर्षे सर्व कारभार प्रशासकाच्या हाती होता. मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे ७४व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत लिहून ठेवले आहे. तरीही इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांवरील न्यायालयीन वादात निवडणूक लांबत गेली आणि मतदान झाले ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. सर गेल्यावर मी मुलीला सहज विचारले, "तुमच्या भागाचे नगरसेवक कोण गं?" ती म्हणाली, "काका, ते धड्यात नाही."

या तीन शब्दांपाशी आपण सर्वांनी क्षणभर थांबावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

गेली कित्येक वर्षे या देशात इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांवरून रणे माजली आहेत. कोणता धडा ठेवायचा, कोणता वगळायचा, कोणाला किती पाने द्यायची, यावर संसदेपासून गल्लीपर्यंत वाद झाले. २०२२-२३ मध्ये एनसीईआरटीने काही प्रकरणे गाळली तेव्हा दोन्ही बाजूंनी लेखण्या परजल्या गेल्या. त्या वादात आपणही हिरीरीने उतरलो आणि त्याची खंत बाळगण्याचे कारण नाही. पाठ्यपुस्तकात काय असावे, हा राष्ट्राच्या स्मृतीचा प्रश्न असतो. पण ज्या मुलासाठी हा सारा खटाटोप, ते मूल मूळ पुस्तक उघडते तरी का, हा प्रश्न कोणी विचारला? ते गाईड उघडते. दहावीत गेले की 'अपेक्षित' उघडते. आणि सुखवस्तू घरातले असेल, तर शिकवणीच्या सरांनी लिहून दिलेली वही उघडते. आपण ज्या परिच्छेदासाठी भांडलो, त्याचे तोवर 'पुढील विधाने सकारण स्पष्ट करा' झालेले असते. भांडण जिंकूनही हाती काय उरले?

शिकवणीचे लोण किती पसरले आहे, हे सांगायला नकोच. केंद्र सरकारच्या २०२५ च्या सर्वेक्षणात देशातील २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेत असल्याचे आढळले. शहरांत हे प्रमाण ३०.७ टक्के आहे. पूर्वी शिकवणी असे ती गणिताची आणि इंग्रजीची. आता 'सगळे विषय' शिकवणारे सर घरी येतात आणि दीड तासातली शेवटची वीस मिनिटे इतिहास-भूगोलाच्या वाट्याला येतात. पालकांचा हिशेब सरळ आहे. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचे ४०, भूगोलाचे ४० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २०. शंभरातले नव्वद पाठांतरावर मिळत असतील, तर समजून घेण्यात वेळ कशाला दवडायचा? हाच हिशेब शाळेने मांडला की आपण शाळेला नावे ठेवतो.

त्या सरांना खलनायक ठरवण्याचा माझा हेतू नाही. जिना उतरताना त्यांच्याशी बोलणे झाले. इतिहासात एम.ए. झालेला, बी.एड. केलेला, शिक्षकभरतीची वाट पाहणारा तो तरुण. शाळेत नोकरीला असलेल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली. म्हणून घरोघरी फिरायला उरले ते हे नोकरीविना बसलेले पदवीधर. ते म्हणाले, "मलाही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पण वहीत किती उत्तरे लिहून झाली, हे तिचे बाबा रोज पाहतात." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी बी.ए. करताना मी स्वतः आठवीतील एका मुलाला इतिहास शिकवीत असे. मीही नोट्सच लिहून देई. मुलाचे गुण वाढले आणि त्याच्या आईने मला शर्टाचे कापड दिले. पुढे कित्येक वर्षांनी तो भेटला, तेव्हा त्याला माझी शिकवणी आठवत होती. मी शिकवलेले एक अक्षरही आठवत नव्हते.

म्हणून शिकवणीच बंद करा, असे मी म्हणत नाही. उलट, सामाजिक शास्त्रांसाठी एका शिक्षकासमोर एक मूल याहून उत्तम रचना नाही, असे माझे मत आहे. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये एका प्रसिद्ध लेखात असे मांडले, की एकेकट्या शिकवलेल्या मुलांमधील सर्वसाधारण मूलही नेहमीच्या वर्गातील ९८ टक्के मुलांच्या पुढे जाते. त्या प्रयोगांतील दोन विषयांपैकी एक होता नकाशाशास्त्र, म्हणजे आपल्या भूगोलाचाच भाग. एवढा मोठा फरक पुढच्या अभ्यासकांना सहसा आढळला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्यातले मर्म खोटे ठरत नाही. मूल चुकले की तिथेच कळते, तिथेच सुधारता येते आणि पुन्हा विचारता येते. साठ मुलांच्या वर्गात हे घडणे कठीण. मग साठ मुलांना एकदम सांगता येईल असा मजकूरच एका मुलीला सांगायचा असेल, तर समोर माणूस हवा कशाला? ध्वनिमुद्रणही चालले असते.

इथे एक उदाहरण देतो. पंडित नेहरूंच्या धोरणांशी आपले मतभेद जगजाहीर आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण १९२८ च्या उन्हाळ्यात दहा वर्षांची इंदिरा मसुरीला होती आणि नेहरू अलाहाबादला. तेव्हा त्यांनी तिला पत्रांतून पृथ्वीची उत्पत्ती, आदिमानव, संस्कृतींचा उदय हे सारे समजावून सांगितले. पुढे तुरुंगातून त्यांनी जगाच्या इतिहासावर पत्रे लिहिली, ती वेगळीच. त्यांतील मतांवर खुशाल वाद घालावा. मात्र राजकारणाच्या धबडग्यात असलेल्या एका बापाला लेकीशी इतिहास-भूगोलाविषयी बोलायला वेळ मिळाला आणि संध्याकाळी सात वाजता घरी येऊन भ्रमणध्वनीत डोके घालणाऱ्या आपल्याला तो मिळत नाही, ही गोष्ट मला बोचते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. एकटे मूल आणि एकटा प्रौढ, मध्ये तिसरे कोणी नाही. मग बापाची किंवा सरांची मतेच इतिहास म्हणून त्याच्या गळी उतरणार नाहीत का? उतरतील. वर्गात निदान दहा घरांतील दहा मुले असतात, कोणीतरी 'माझे बाबा वेगळे सांगतात' म्हणते. टेबलाशी तेही नाही. आपली मते मुलांनी घ्यावीत असे आपल्याला वाटते, त्यात गैर काही नाही. पण न तपासता घेतलेले मत टिकत नाही, हे कार्यकर्त्यांना मी सांगायला हवे का? महाविद्यालयात गेल्यावर पहिल्याच हुशार प्रतिवादापुढे अशी मुले गडबडतात आणि मग घरच्या साऱ्याच गोष्टींवर फुली मारतात. यावर उपाय एकच: मुलाला 'कशावरून?' असे विचारायची सवय लावायची आणि त्याने तोच प्रश्न आपल्याला विचारला की रागवायचे नाही. दहावीच्या इतिहासाची सुरुवातच इतिहासलेखनापासून होते, म्हणजे पुराव्याला प्रश्न कसे विचारायचे, यापासून. ते प्रकरण मुले 'इतिहासाचे जनक कोण' एवढ्यात गुंडाळतात.

दहावीच्या भूगोलाचीही तीच कथा. ते पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करते. कल्पना किती सुंदर आहे! इथे नर्मदा, तिथे ॲमेझॉन. तिथे कॉफी, इथे चहा. नकाशावर बोट ठेवून बापलेकांनी एक रविवार घालवावा असा विषय. तोही 'फरक स्पष्ट करा'च्या दोन रकान्यांत संपतो.

आणि नागरिकशास्त्र? त्यासाठी तर घराबाहेर पडावे लागते. रस्ता कोणी खोदला, कंत्राट कोणाचे, तक्रार कुठे द्यायची, ग्रामसभा कधी असते, हे लिहून दिल्याने कळत नाही. मुलाला हाताशी धरून क्षेत्रीय कार्यालयात एकदा न्या, ग्रामपंचायतीच्या फलकापाशी एकदा उभे करा. सेवावस्त्यांतील अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनाही हेच सांगणे आहे. माझ्या पाहण्यातल्या अभ्यासिकांत गणित-इंग्रजीवर जीव तोडून मेहनत घेतली जाते आणि इतिहास-नागरिकशास्त्र 'घरी वाचून या' म्हणून सोडले जाते. ज्याच्या घरी शिधापत्रिकेवरचे नाव दुरुस्त करायला चार खेटे पडतात, त्या मुलाला नागरिकशास्त्राची गरज सर्वांत आधी आहे.

'वेळ नाही' ही सबब मी ऐकून घेणार नाही. दूरचित्रवाणीवरील चर्चांत इतिहासाची चिरफाड ऐकायला आपल्याला रोज तासभर मिळतो.

त्या संध्याकाळी सर गेल्यावर मी मुद्दाम आजोबांना बाहेर बोलावले आणि पानशेतचा विषय काढला. आदल्या जुलैत, २०२४ साली, खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकतानगरीतल्या घरांत पाणी शिरले होते; ते ठिकाण त्यांच्या घरापासून फार दूर नाही. मुलीने ते पाहिले होते. मग आजोबा बोलू लागले. पाणी कुठून आले, वाड्यातले लोक कुठे पळाले, ओसरल्यावर घरात किती चिखल होता. मुलीने वही काढली नाही. ती नुसती ऐकत होती. आजोबा म्हणाले, "पाणी आमच्या माडीच्या पायऱ्यांपर्यंत चढले होते." त्यावर तिने विचारले, "कशावरून? कोणी मोजले होते?"

आजोबा थोडे हिरमुसले. मग म्हणाले, भिंतीवर खूण होती, अनेक वर्षे होती. पण तो वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली आहे. मुलगी विचारात पडली. "मग त्या वेळच्या वर्तमानपत्रात असेल," ती म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात आजोबांचा मला दूरध्वनी आला. १९६१ च्या जुलैतले जुने अंक पाहायला पुण्यात कुठे मिळतील, हे त्यांना हवे होते. परीक्षा अजून चार दिवसांवर होती आणि घरात त्यावरून थोडी कुरबूर चालू होती, असेही त्यांनी हळूच सांगितले.