जखमेचा खरा वैद्य

पोलीसभरतीसाठीं पहाटे धांवणारे तरुण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर नेहमीं दिसतात. त्यांतील एखाद्याचा पाय मुरगळला, कीं महिनाभराची विश्रांति त्यास जड वाटते, आणि झटपट बरें करणाऱ्या इंजेक्शनाचा मोह पडतो. इंटरनेटवर विकलें जाणारें 'बीपीसी-१५७' हें अशांपैकींच एक. प्रथिनें ज्यांची बनतात, त्या अमिनो आम्लांपैकीं १५ जोडून प्रयोगशाळेंत केलेली ही साखळी होय. उंदरांवरील प्रयोगांत तिनें स्नायु व स्नायुबंध लवकर सांधले, हें खरें. परंतु मनुष्यांवर तिची पुरेशी कसोटी झालेली नाहीं, आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनें २०२२ पासून खेळाडूंस ती वर्ज्य ठरविली आहे.

म्हणून प्रयोगशाळेंत बनलेलें औषध तेवढें वाईट, असें मात्र नव्हे. वरोऱ्याजवळील आनंदवन आपणां सर्वांस ठाऊक आहे. बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापून तें पुढें वसविलें. कुष्ठरोगाच्या जंतूंवरील डॅप्सोन हें औषधही कृत्रिमच. १९८२ पासून त्याबरोबर रिफॅम्पिसिन व क्लोफाझिमिन देण्याची रीत पडली, आणि असाध्य मानलेला रोग साध्य झाला. ह्या औषधांचे गुणदोष मनुष्यांवर नीट पारखलेले होते. भेद येथेंच आहे.

परंतु जंतु मेले तरी रोग्याच्या तळपायाची जखम भरेना. त्याचें मांसच कुजतें, असें पूर्वीं मानीत. १९४६ सालीं वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनीं दाखवून दिलें, कीं त्या मांसांत दोष नाहीं. संवेदना गेल्यामुळें रोगी जखमेवरच चालत राहतो. पाय प्लास्टरमध्यें बांधून त्यास विसांवा दिला, तेव्हां तीच जखम भरूं लागली.

यावरून माझें मत असें बनलें आहे, कीं जखम भरण्याचें काम शरीरच करतें. औषध त्याचें साहाय्यक. स्वच्छता, सकस अन्न आणि विश्रांति यांची जागा कोणतीही कुपी घेऊं शकत नाहीं. कुष्ठरोग्यास वेदना कळत नाहीं, म्हणून तो पाय गमावतो. आपणांस ती कळते, हें आपलें भाग्य. तिला न जुमानतां धांवणारा तरुण तें भाग्य आपल्या हातांनीं टाकून देतो. पालकांनींही एवढें पाहावें, कीं मुलाचा दुखरा पाय आधीं डॉक्टरांस दाखविला जाईल. भरती पुन्हां येईल. गेलेला पाय येत नाहीं.