राऊटर घेताना घासाघीस कशाची करावी?

मुंब्रा-कौसा, भिवंडी, कल्याण या पट्ट्यातील आपल्या कारागिरांचा धंदा आता मोबाईलच्या पडद्यावर येऊन बसला आहे. जरीकाम करणाऱ्याला नमुन्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, शिलाई कारखानदार जीएसटीचे विवरण घरी बसून भरतो आणि त्याच खोलीत मुलांचा अभ्यासही चालतो. घरात नेट घेणे ही आता चैन राहिलेली नाही. परंतु सुताच्या भावात पैशापैशाची घासाघीस करणारे आपले बंधू राऊटर घेताना मात्र अँटेना मोजून पैसे टाकतात, याचे नवल वाटते.

प्रथम हे पाहावे की, राऊटर विकत घेण्याची गरज तरी आहे काय? फायबरची जोडणी देणारा जो डबा भिंतीवर लावून जातो, त्यातच बहुधा वाय-फाय असते. एका खोलीच्या घराला तेवढे पुष्कळ झाले. नेट मंद चालते म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी तो डबा लोखंडी कपाटामागून किंवा फ्रीजच्या बाजूने काढून उंच, मोकळ्या जागी ठेवून पाहावा. काँक्रीटची भिंत, लोखंड आणि मोठा आरसा यांतून लहरी नीट जात नाहीत. एवढे करूनही भागत नसेल तरच बाजार गाठावा.

बाजारात हजार-बाराशेच्या आसपास मिळणारा, खोक्यावर ३०० हा आकडा छापलेला राऊटर सर्वांत जास्त खपतो. तो आकडा कागदावरचा. त्याची तारेची तोंडे बहुतेक १०० एमबीपीएसचीच असतात. खरी अडचण तर निराळीच आहे. हा राऊटर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर बोलतो आणि त्या पट्ट्यात एकमेकांवर न आदळणाऱ्या वाटा तीनच: १, ६ आणि ११. आपल्या इमारतींत एकेका मजल्यावर पाच-सहा घरे, बहुतेक घरांत एक राऊटर. संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या फलाटावर उभे राहून एकमेकांना हाका मारण्यासारखाच हा प्रकार.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, घ्यायचाच तर ५ गिगाहर्ट्‌झही चालणारा, म्हणजे ड्युअल बँड राऊटर घ्यावा. तो दोन-अडीच हजारांपर्यंत मिळतो. हा दुसरा पट्टा भिंतीपलीकडे फार जात नाही, अशी तक्रार होते. परंतु एक-दोन खोल्यांच्या घरात तोच त्याचा गुण ठरतो. शेजाऱ्याच्या लहरीही आपल्याकडे कमीच येतात. नेटचा प्लॅन १०० एमबीपीएसपेक्षा मोठा असेल तरच गिगाबिट तोंडांचा आग्रह धरावा. प्लॅन ३०-४० चा आणि राऊटर आठ हजारांचा, हा निव्वळ इसराफ होय.

आणखी एक गोष्ट. दुकानदार “बिनव्याजी हप्ता” पुढे करतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज असे काही नसतेच. ते व्याज कोठेतरी दडवलेले असते. कार्डावरच्या अशा हप्त्यात बँक व्याज लावतेच, फक्त तेवढी सूट किमतीत दाखवली जाते. दोन हजारांच्या वस्तूसाठी सूदच्या संशयात पडण्यापेक्षा दोन महिने थांबून रोखीने घ्यावे. जीएसटी नोंदणी असलेल्यांनी आपल्या नंबराचे बिल मागावे. धंद्यासाठी वापर असेल तितक्या भागाचे इनपुट क्रेडिट मिळते. कंपोझिशनवाल्यांना ते मिळत नाही.

शेवटी पासवर्डचा प्रश्न. शेजाऱ्याचा हक्क आम्हालाही मान्य आहे. परंतु जोडणी ज्याच्या नावावर, चौकशी त्याच्याच दारी येते. कोण्या पोराने आपल्या नेटवरून काही भलते केले, तर पोलीस प्रथम आपलेच नाव वाचतील. आजच्या बऱ्याचशा राऊटरांत पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क काढता येते. त्याने ही जबाबदारी टळत नाही, पण हिशेबाच्या कॉम्प्युटरपर्यंत कोणी पोहोचत नाही आणि वाटेल तेव्हा ते बंद करता येते. तेव्हा कोणाला देणे भागच पडले, तर ते द्यावे, मुख्य पासवर्ड नव्हे. आणि राऊटर बसवायला आलेल्या मुलाने ठेवलेला पासवर्ड तो जिना उतरण्यापूर्वीच बदलावा.